पुढची सबफ्रेम उतरवायची आहे : इंजिन वरून टांगायचं की खालून टेकवायचं?

शापोराकाठी | शनिवार, रात्री ९:४२

गाडी हॅचबॅक. १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, आडवं इंजिन, पाच गिअर मॅन्युअल, कॉलमवर (स्टीअरिंगच्या दांड्यावर) मोटर असलेलं इलेक्ट्रिक स्टीअरिंग. तेरा वर्षं मोरजी-आश्वे पट्ट्यात उघड्यावर उभी. पुढच्या सबफ्रेमला (इंजिनाखालची लोखंडी चौकट, गॅरेजवाले क्रॉसमेंबर म्हणतात ती) उजव्या मागच्या बोल्टाजवळ खालून अंगठा जाईल एवढं भोक पडलंय. भोकाच्या कडेला पेचकस टेकवला तर पापुद्रे सुटतात. त्यामुळे वेल्डिंगचा विचार सोडलाय, नवीन सबफ्रेम मागवली आहे.

लिफ्ट नाही, पिट नाही. कोबा केलेली सपाट शेड, २ टनी ट्रॉली जॅक, चार जॅक स्टँड, टॉर्क रेंच आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आहे. मदतीला एक माणूस.

प्रश्न तीन:
१) इंजिन गिअरबॉक्सखाली जॅक लावून धरायचं की वरून आडव्या बारला टांगायचं?
२) चासीतले वेल्ड केलेले नट फिरले तर काय?
३) नवीन सबफ्रेम जागेवर बसली हे अलाइनमेंटला (चाकांचे कोन तपासायला) नेण्याआधी कसं ओळखायचं?


फोंड्याचा फिटर | शनिवार, रात्री १०:३०

आधी बोनेट उघडा आणि माउंटिंग (इंजिन धरणारे रबरी आधार) किती ते मोजा. बाकी सगळं त्यावर ठरतं.

तुमच्यासारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिन दोन वरच्या माउंटिंगांवर टांगलेलं असतं. टायमिंगच्या बाजूला एक, गिअरबॉक्सवर एक, दोन्ही बॉडीच्या चासी रेलवर (दोन्ही बाजूंच्या लांब पोकळ पट्ट्यांवर). खाली मागच्या बाजूला एकच टॉर्क रॉड सबफ्रेमला येतो. तो वजन उचलत नाही, इंजिनाला मागेपुढे झुलू देत नाही एवढंच. अशा गाडीत सबफ्रेम काढली तरी इंजिन खाली येणार नाही, पण पाळण्यासारखं डुलेल. डुललं की सायलेन्सरचा लवचिक तुकडा, रेडिएटरचे होज आणि आतले एक्सल जॉइंट ओढले जातात. तेव्हा इथेही आधार लागतोच, फक्त तो हलका चालतो.

दुसरा प्रकार चार माउंटिंगांचा. दोन बॉडीवर, पुढचं आणि मागचं क्रॉसमेंबरवर. इथे वजन वाटलेलं असतं, खालची दोन सुटली की वरच्या दोन रबरांवर नको इतका पीळ येतो. आणि काही गाड्यांत मुख्य माउंटिंगच सबफ्रेमवर बसतं. तिथे पूर्ण वजन टांगल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही.

आता जॅक की बार? बार. कारण असं की गाडीची बॉडी स्टँडवर आहे आणि इंजिन जॅकवर, म्हणजे दोघांचे पाय वेगवेगळे. गंजलेला बोल्ट सोडवताना तुम्ही लांब टॉमी (दांडा) लावून गाडी हलवणार. बॉडी हलते, इंजिन जागच्या जागी राहतं, ताण जातो माउंटिंगच्या रबरावर. शिवाय हायड्रॉलिक जॅक रात्रभरात एखादा सेंटिमीटर बसू शकतो. आणि सगळ्यात साधी गोष्ट, सबफ्रेम जिथून खाली यायची तिथेच तुमचा जॅक उभा! वरून टांगलं की इंजिन बॉडीलाच लटकतं, दोघं एकत्र हलतात आणि खालची जागा मोकळी राहते.

जॅक लावावाच लागला तर गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगखाली (इंजिनाला जोडलेल्या रुंद तोंडाखाली), मध्ये जाड फळी घालून. अॅल्युमिनियमच्या सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) कधीच नाही, तो तडकतो. पत्र्याचा सम्प असेल तर तो आत दबतो, मग तेल ओढणारी जाळी तळाला टेकते आणि ऑइल प्रेशरचा दिवा लागल्यावर कळतं.


बार्देसचा बाब | शनिवार, रात्री १०:५१

बाजारातला सपोर्ट बार एका कामासाठी कशाला घ्यायचा? घरातल्या नळाच्या जीआय पाइपाला साखळी बांधली तर होत नाही?


वेरणा शॉपफ्लोअर | रविवार, सकाळी ८:१५

होतं, पण कुठला पाइप ते महत्त्वाचं. आकडे करून बघा.

इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १५० किलो धरू. १.२ पेट्रोलला तेवढं भरपूर झालं, डिझेलला आणखी वाढवा. फेंडरच्या आतल्या दोन कडांमधलं अंतर १.४ मीटर. सगळं वजन मधोमध लटकलं अशी सगळ्यात वाईट स्थिती धरली तर पाइपाच्या मध्यावर वाकवणारा जोर साधारण ५१५ न्यूटन-मीटर.

एक इंची बी क्लास पाइप, ज्यावर निळा पट्टा असतो, बाहेरून ३३.७ मिमी आणि भिंत सव्वातीन मिमीच्या आसपास. यावर ताण येतो २४० मेगापास्कल, म्हणजे साधं पोलाद कायमचं वाकायला लागतं तिथे. मध्यात १२ मिमी खाली जाईल आणि कदाचित परत सरळ होणार नाही.

दोन इंची बी क्लास, बाहेरून ६०.३ मिमी, भिंत ३.६ मिमी. त्याच वजनाला ताण ६० मेगापास्कल, खाली जाणं दीड-पावणेदोन मिमी. हा चालेल. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास घेऊ नका. आणि छपरावरून काढलेला, चुडीजवळ गंजलेला जुना तुकडा तर नकोच.

पाइपाचं एकवेळ निभेल, खरी गडबड टोकांना होते. गोल पाइप फेंडरच्या कडेवर लोळतो. दोन्ही टोकांखाली खाच पाडलेली फणसाची किंवा सागाची ठोकळी ठेवा. ठोकळी बसली पाहिजे ती बोल्ट असलेल्या आतल्या दुमडलेल्या पट्टीवर. फेंडरच्या रंगीत कडेवर ठेवली तर कड कागदासारखी दुमडेल.


फोंड्याचा फिटर | रविवार, सकाळी ९:०५

+१. साखळी ८ मिमीची, डी शॅकल लावून. नायलॉनची दोरी नको, ताणते. सामान बांधायचा रॅचेट पट्टाही एग्झॉस्टच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डच्या जवळून नेऊ नका.

इंजिनाला उचलायचे दोन डोळे असतात, बहुतेक तिरपे समोरासमोर, एक टायमिंगकडे, एक गिअरबॉक्सकडे. दोन्हींना साखळी लावा. एकालाच लावली तर इंजिन तिरकं होतं. डोळा कोणी काढून टाकला असेल तर हेडमधल्या रिकाम्या एम १० आट्यांत योग्य बोल्टाने पट्टी बसवा, अॅल्युमिनियममध्ये किमान १५ मिमी आटे धरले पाहिजेत. इनटेक मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा आहे, त्याला हूक घालू नका.

आणि उचलायचं किती? ३ ते ५ मिमी. बस्स. टॉर्क रॉडचा बोल्ट बोटांनी फिरायला लागला की वजन उतरलं. त्यापुढे ओढलं की एसीचा पाइप आणि सायलेन्सर ओढला जातो.


कुडचडेकर | रविवार, दुपारी १२:२०

दुसऱ्या प्रश्नाचं. गोव्यात या कामाचा अर्धा वेळ बोल्टांत जातो.

गंज बाहेरून दिसतो तिथे सुरू झालेला नसतो. सबफ्रेम म्हणजे दोन दाबलेले पत्रे एकमेकांना वेल्ड करून केलेली पेटी. तळाला पाणी जायची भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजतात. समुद्राची खारी हवा, वर रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या रॅम्पवर भरतीला उडालेलं पाणी. हे आत साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. त्याच पाण्यात बोल्टाचा दांडा आणि बुशमधली (जोडातल्या रबरी तुकड्यातली) लोखंडी नळी एकजीव होतात.

दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारायचं, सकाळ-संध्याकाळ. पण ते खालून डोक्यावर मारून उपयोग नाही, ते वरच्या टोकाला पोहोचलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांत चासी रेलला बाजूला रबरी बूच असतं, ते काढून नळीने आत नटावर सोडा.

सोडवताना पाव आटा उलटा, पाव आटा सुलटा, मग अर्धा. चरचर आवाज आला आणि जड झालं की थांबा, परत आवळा, तेल, परत. सुरुवातीलाच इम्पॅक्ट गन लावू नका. आतला नट पत्र्याला दोन-चार टिपक्यांनी वेल्ड केलेला असतो, गनचे झटके त्या टिपक्यांवर बसतात. एकदा नट सुटून पिंजऱ्यात फिरायला लागला की बोल्ट ना वर ना खाली.

तसं झालंच तर दोन मार्ग. रेलच्या बाजूला भोक असेल तर त्यातून पाना किंवा छिन्नी घालून नट अडवायचा. नसेल तर नटाच्या नेमक्या समोर रेलला किंवा केबिनच्या तळाला छोटी खिडकी कापून नट परत वेल्ड करायचा, मग खिडकी वेल्डने बंद, झिंक प्रायमर, सीलर. कापण्याआधी कार्पेट काढा आणि आतल्या बाजूने पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग कुठून जातं ते हाताने चाचपून बघा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

तापवायचं असेल तर इंडक्शन हीटर. गॅसची ज्योत रेलच्या आतल्या, गंज रोखायच्या मेणाला धरते आणि धूर कुठून येतोय हे कळेपर्यंत उशीर होतो.


बार्देसचा बाब | रविवार, दुपारी १:०२

म्हणूनच परत लावताना आट्यांना भरपूर ग्रीस. पुढच्या वेळी लोण्यासारखे सुटतात.


वेरणा शॉपफ्लोअर | रविवार, दुपारी १:४०

इथे मी सहमत नाही. मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या, स्वच्छ आट्यांचा असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट २५-३० टक्के जास्त ताणला जातो. साधा १०.९ (ताकदीचा दर्जा) चा बोल्ट कदाचित सहन करेल. पण ७० न्यूटन-मीटर अधिक ९० अंश (म्हणजे वर आणखी पाव फेरा) अशा धर्तीचा आकडा दिलेला असेल तर तो बोल्ट मुळातच ताणाच्या टोकापर्यंत न्यायचा असतो. तो एकदाच वापरायचा, नवीन घ्यायचा, कोरडा लावायचा.

गंजापासून वाचवायचं तर आवळून झाल्यावर. बोल्टाचं डोकं, वॉशरची कड आणि रेलच्या आतून वर आलेलं टोक यावर पोकळीत मारायचं मेण फवारा. पाणी आत जाणं बंद, टॉर्कही बिघडत नाही.

आणि आकड्याचं एकक बघा. बाजारातल्या बऱ्याच रेंचवर किलो-मीटर (kgf·m, अंतराचं नव्हे) असतं. १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. फूट-पाउंड असेल तर १ म्हणजे १.३६. या घोळात बोल्ट तुटलेले पाहिलेत.


बार्देसचा बाब | रविवार, दुपारी १:४८

बरं बाबा, ग्रीस मागे घेतलं.


शापोराकाठी | रविवार, सायंकाळी ६:३०

माउंटिंग मोजली. दोन वर, एक टॉर्क रॉड खाली. दोन इंची पाइप मिळालाय, निळा पट्टा. बोल्टांना तेलाचा पहिला हात झाला. रेडिएटरचे खालचे दोन खुंट मात्र सबफ्रेमच्याच पुढच्या पट्टीवर बसलेत. आणि स्टीअरिंगची रॅक (चाकं वळवणारा आडवा दांडा) सबफ्रेमवर आहे, ती सोबत काढू की वर ठेवू?


फोंड्याचा फिटर | रविवार, रात्री ८:५५

रेडिएटर वरच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी जाड केबल टायने बांधून टाका, कंडेन्सरही. एसीचा गॅस काढायची गरज नाही, पण बांधायला विसरलात तर लागेल.

रॅक सोबतच काढा. कॉलमवर मोटर आहे, हायड्रॉलिक नळ्या नाहीत, कटकट नाही. हायड्रॉलिक असती तर रॅक सबफ्रेमवरून सोडून तारेने बॉडीला लटकवायला सांगितलं असतं.

पण त्याआधीचं काम, आणि यात चूक झाली की महाग पडते: चाकं सरळ, चावी काढून स्टीअरिंग लॉक, वर सीटबेल्ट स्टीअरिंगच्या आऱ्यांतून घालून बांधा. रॅक सुटल्यावर स्टीअरिंगला थांबवणारं काही उरत नाही. कोणी गाडीत बसलं आणि दोन फेरे फिरवलं की आतली गुंडाळलेली एअरबॅगची केबल तुटते. हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू.

पायापाशी रबरी कव्हर उचलून इंटरमिजिएट शाफ्टचा (कॉलम आणि रॅक जोडणाऱ्या दांड्याचा) खालचा जोड बघा. शाफ्ट आणि रॅकचा दांडा या दोघांवर एकच रंगाची रेघ ओढा. बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, तो दांड्याच्या खाचेतून जातो, पूर्ण बाहेर काढावा लागतो.

मग खाली. स्टँड सिलच्या (दाराखालच्या बॉडीच्या कडेच्या) जॅकिंग पॉइंटवर, सबफ्रेमच्या मागे. रॅकसकट सबफ्रेमची उंची २५-३० सेंमी, ट्रॉली जॅक पूर्ण खाली असताना १३-१४ सेंमी. म्हणजे सिल ४५ सेंमीच्या वर हवी, नाहीतर सगळं सुटेल आणि बाहेर निघणार नाही. चिऱ्यावर गाडी ठेवायची हौस कोणाला असेल तर सोडा. भिंतीत चिरा उत्तम, पण स्टँडच्या टोकाचा जोर आला की भुरभुरतो आणि फुटतो.

क्रम मी असा धरतो: गाडी जमिनीवर असतानाच चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत उंची मोजून दोन्ही बाजूंची लिहून ठेवा, शेवटी लागेल. चाकं काढा, खालचं प्लॅस्टिक काढा. टाय रॉड एंड (रॅकचा चाकाकडचा जोड) सोडा. स्टेबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंका सोडा. लोअर आर्मचा (सबफ्रेमपासून चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांड्याचा) बॉल जॉइंट नकलमधून (चाक ज्यावर बसतं त्या भागातून) काढा. पिंच बोल्ट काढून खाचेत पाचर घालून ती किंचित उघडली की आर्म खाली दाबून निघतो. दोन शिंगी पाचर हातोड्याने मारली तर रबराचा बूट फाटतो. आर्म सुटल्यावर नकल लगेच तारेने स्ट्रटला (स्प्रिंग-शॉकअप्सच्या खांबाला) बांधा, बाहेर ओढू देऊ नका. आतला एक्सल जॉइंट घसरून सुटला की त्याचे रोलर बुटात पडतात.

सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डपासून सोडा, गॅस्केट नवीन आणून ठेवा. लवचिक तुकडा १० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, आतली जाळी तुटते आणि महिन्याभराने फुसफुस सुरू होते. ऑक्सिजन सेन्सरची वायर विसरू नका. शेवटी टॉर्क रॉड.

आता जॅक सबफ्रेमच्या मध्यावर, वर फळी. सबफ्रेमच्या कडेने बॉडीवर रंगाची रेघ किंवा टोकदार सुईने खूण, चारही कोपऱ्यांत. मग तिरप्या क्रमाने बोल्ट सोडा, सगळे दोन-तीन आटे शिल्लक ठेवून. एक सेंटिमीटर खाली घ्या आणि थांबा. टॉर्च घेऊन वरून बघा, काय अडकलंय. स्टेबिलायझर, रॅकचा रबरी बूट, एखादी ब्रेकची नळी, क्लिपमधलं वायरिंग, हमखास काहीतरी निघतं. मोकळं झालं की उरलेले बोल्ट. दोन माणसं हवीत, रॅक-आर्मसकट २०-२५ किलो आणि तोल पुढेमागे जातो.


कुडचडेकर | रविवार, रात्री ९:३०

जुनी सबफ्रेम बाहेर आली की लगेच भंगारात देऊ नका. नवीन तिच्या शेजारी ठेवून सगळी भोकं ताडून बघा. तिरपी मापं घ्या, पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्हींत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. वाहतुकीत आपटलेली नवीन फ्रेमही वाकडी निघते.

चढवण्याआधी पेटीच्या आत मेण मारा, २५०-३०० मिली, नळी आत घालून सगळीकडे. तळाची भोकं तारेने मोकळी करा. वरून काळा डांबरी लेप देऊ नका. तो सुकून फुगतो, पाणी आत धरून ठेवतो आणि खाली काय चाललंय ते दिसतही नाही.

चासीच्या नटातून टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवून घ्या, पण आधी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजा. एम १२ मध्ये १.२५ आणि १.५ दोन्ही येतात, चुकीचा टॅप घातलात तर नट गेला.


फोंड्याचा फिटर | रविवार, रात्री १०:१०

चढवणं. त्याच पिचचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकाला पेचकसाची खाच पाडा. हे दोन तिरपे कोपरे धरून चासीत हाताने लावा. सबफ्रेम जॅकवर वर घेताना ती या दोन खुंटांवर सरकत येते, भोकं शोधत बसावं लागत नाही. दुसऱ्या माणसाने वर बसून फक्त स्टीअरिंगच्या जोडाकडे बघायचं, रेघेला रेघ. एक दात चुकला तरी स्टीअरिंग वाकडं बसतं. ते टाय रॉड फिरवून सरळ करायचा मोह आवरा. एअरबॅगची केबल मध्याला राहत नाही, एका बाजूला पूर्ण वळवलं की ताणते.

सगळे बोल्ट आधी हाताने, किमान पाच-सहा आटे. एकही पाना न लावता आत गेला पाहिजे. जात नसेल तर फ्रेम हलवा, बोल्टावर जोर नको. मग खुणा जुळवा, मग मॅन्युअलच्या क्रमाने टॉर्क.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. आर्म खाली लोंबत असताना आवळलं की गाडी उतरल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी पुढून उंच दिसते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. आर्मच्या टोकाखाली जॅक घेऊन आधी लिहून ठेवलेल्या उंचीपर्यंत उचला, मग आवळा. उचलताना त्या बाजूचा स्टँड सुटतोय का बघा. सुटत असेल तर थांबा, चाकं लावून फळ्यांवर उतरवून करा.

टॉर्क रॉड सगळ्यात शेवटी. साखळी काढा, इंजिन हाताने चार वेळा मागेपुढे हलवून जागेवर बसू द्या, मग आवळा. हे चुकलं तर सिग्नलला उभं असताना स्टीअरिंग थरथरतं आणि लोक प्लग बदलत बसतात.


वेरणा शॉपफ्लोअर | रविवार, रात्री १०:४५

तिसऱ्या प्रश्नाचं. सबफ्रेम आडवी ३ मिमी सरकून बसली समजा. दोन्ही बॉल जॉइंट तिच्यासोबत ३ मिमी सरकले, स्ट्रटची वरची टोकं जागेवर. स्ट्रटच्या टोकापासून बॉल जॉइंटपर्यंत उभं अंतर ६०० मिमी धरलं तर कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) एका बाजूला साधारण ०.३ अंश वाढतो, दुसऱ्या बाजूला तेवढाच कमी होतो. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक. म्हणजे अलाइनमेंटच्या कागदावर एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच उणं दिसलं तर स्ट्रट वाकला म्हणून खर्चात पडू नका, सबफ्रेम ढिली करून सरकवा.

अलाइनमेंटला नेण्याआधी घरी: चासीतल्या ठराविक भोकापासून प्रत्येक बॉल जॉइंटपर्यंत टेपने माप, डावं-उजवं २ मिमीच्या आत. काही सबफ्रेमना जुळवणीची दोन भोकं दिलेली असतात, त्यांतून बॉडीपर्यंत त्याच जाडीची सरळ सळई आरपार गेली की काम झालं. तुमच्या मॅन्युअलमध्ये आकृती असेल.


शापोराकाठी | पुढचा रविवार, सायंकाळी ५:१५

झालं. दोन दिवस लागले, त्यातला पाऊण दिवस एकट्या उजव्या मागच्या बोल्टावर. नट फिरला नाही, पाव-पाव आट्यानेच सुटला. १ सेंमी खाली घेऊन थांबा म्हणालात ते बरं झालं, ऑक्सिजन सेन्सरची वायर स्टेबिलायझरमागे अडकली होती.

अलाइनमेंटचा कागद: कॅम्बर डावं उणे ०.४, उजवं उणे ०.५. टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते) सेट करून घेतला. पण पूर्ण डावीकडे वळवून ब्रेक सोडताना एकदाच 'टक्' होतं. सरळ चालवताना काही नाही.


फोंड्याचा फिटर | पुढचा रविवार, सायंकाळी ६:०२

कॅम्बर छान. 'टक्'साठी तीन जागा बघा, याच क्रमाने. स्टेबिलायझरच्या लिंकचा नट, तो बहुतेक वेळा बॉल फिरत राहिल्याने अर्धाच आवळला जातो, मागून चपट्या पान्याने धरून आवळा. मग बॉल जॉइंटचा पिंच बोल्ट खाचेतून पूर्ण गेलाय का. मग सबफ्रेमच्या बोल्टांवर रंगाची खूण केली असेल तर ती सरकलीय का ते बघा, अंशांनी आवळलेल्या बोल्टाला परत रेंच लावू नका.


शापोराकाठी | पुढचा रविवार, रात्री ८:४०

डावी लिंक. नट हाताने अर्धा आटा फिरत होता. आवाज गेला. देव बरें करूं!


कुडचडेकर | पुढचा रविवार, रात्री ८:५५

पाऊस संपला की तळाची भोकं एकदा तारेने तपासा आणि मेणाचा एक हात. पाइप परत नळाला लावू नका, पुढच्या गाडीला लागेल.